पेज चालवणाऱ्यांनो, फोटो टाका, वेळापत्रक टाकू नका

मुंबईतल्या मनोरंजन पोर्टल्सचे संपादक, इन्स्टाग्राम पेजेसचे ॲडमिन आणि 'स्पॉटेड' रील्सचं काम सांभाळणारी सगळी मंडळी यांना,

सप्रेम नमस्कार.

बांद्रा, खार, जुहू, अंधेरी आणि विमानतळ या पट्ट्यात रोज कॅमेरा घेऊन उभे राहणारे आम्ही काही छायाचित्रकार हे पत्र लिहीत आहोत. आमच्यातले काही एजन्सीला फोटो देतात, काही थेट तुम्हाला. तुमचं फीड आमच्यामुळे चालतं आणि आमचं घर तुमच्यामुळे. तेव्हा फोटो काढणं बंद करा असं सांगायला आम्ही आलेलो नाही. नट-नट्या, क्रिकेटपटू, गायक रस्त्यात दिसले की लोकांना बघावंसं वाटतं, त्यात पाप काहीच नाही. सिद्धिविनायकाला, गणपतीत लालबागला, मतदानाच्या दिवशी केंद्राबाहेर शाईचं बोट दाखवताना ही मंडळी दिसतात, तेव्हा आपला फोटो निघणार हे त्यांनाही पक्कं ठाऊक असतं. फोटोतल्या चेहऱ्याने सहसा कोणाचं काही बिघडत नाही. बिघडतं ते त्याच्यासोबत बाहेर जाणाऱ्या जागेने आणि वेळेने, आणि ती दोन्ही तुमच्या कॅप्शनमध्ये ठरतात.

जागांचे दोन प्रकार मानले की बरेच प्रश्न सुटतात. एकदाची जागा आणि रोजची जागा. प्रीमियर, रिसेप्शन, पुरस्कार सोहळा, दुकानाचं उद्घाटन ही एकदाची. माणूस आज तिथे आला, उद्या येणार नाही. नाव, पत्ता, तास सगळं छापलं तरी उद्या त्याचा उपयोग शून्य. रोजची जागा म्हणजे जिम, पिलाटीजचा स्टुडिओ, डबिंगचा स्टुडिओ, फिजिओथेरपीचं क्लिनिक, मुलांची शाळा, आईवडिलांचं घर, ठरलेला कॅफे. इथल्याही एका पोस्टने काही होत नाही. पण स्वतःच्या पेजवर जरा मागे स्क्रोल करून बघा. एकाच अभिनेत्रीच्या एकाच जिमबाहेरच्या कितीतरी रील्स सापडतील, प्रत्येकीवर दिवस आणि तास. त्यांची बेरीज केली की आठवड्याचे कुठले वार, किती वाजता आत, किती वाजता बाहेर, गाडी कुठली, सोबत अंगरक्षक की नुसता ड्रायव्हर, हे कोणालाही घरबसल्या कळतं. हेच कळून घ्यायला पूर्वी पाळत ठेवावी लागायची. आता पाळत आपण ठेवतो आणि अहवाल फुकट वाटतो.

ही भीती कागदावरची नाही. १४ एप्रिल २०२४ च्या पहाटे बांद्र्याच्या गॅलेक्सी अपार्टमेंटवर, म्हणजे सलमान खान राहतात त्या इमारतीवर, मोटारसायकलवरून आलेल्या दोघांनी गोळ्या झाडल्या. १६ जानेवारी २०२५ च्या पहाटे सैफ अली खान यांच्यावर राहत्या घरात चाकूने वार झाले आणि रिक्षाने लीलावती रुग्णालय गाठावं लागलं. या घटनांना एखादी रील कारण ठरली असं आम्ही म्हणत नाही. पण त्यानंतरच्या दिवसांत त्या इमारतींची फाटकं, मागची गल्ली, जिना, बाल्कनीला नव्याने लागलेली काच हे सगळं ज्या हौसेने आणि ज्या बारकाईने दाखवलं गेलं, ते पाहून पुढच्या माणसाचं निम्मं काम झालं असतं. बाल्कनीला नवी काच बसवली ही एका ओळीची बातमी होती. तिची चौकट, जाडी आणि कोन दाखवणाऱ्या क्लोजअपची गरज कोणाला होती?

म्हणून आमची पहिली मागणी उशिराची आहे. माणूस जेवत असताना रेस्टॉरंटचं नाव टाकू नका, तो निघून गेल्यावर टाका. विमानतळाचं तर सोपं आहे: विमान सुटल्यावर पोस्ट करा, आणि पोहोचल्यावर कुठल्या हॉटेलात उतरणार हे माहीत असलं तरी गिळून टाका. रोजच्या जागेचं नाव लिहूच नका, वार आणि वेळही नको, आणि शक्य तर सोमवारचा फोटो गुरुवारी लावा. जिमबाहेरचा फोटो चार दिवसांत शिळा होत नाही. ज्याला त्या व्यक्तीचे बूट कुठल्या कंपनीचे हे बघायचंय, त्याला ते गुरुवारीही दिसतील. लाइव्ह मात्र कुठल्याच रोजच्या जागेहून नको. 'अजून आतच आहे, थांबा' असं लाइव्हवर सांगितलं की बघता बघता दाराशी गर्दी होते आणि मग आम्हालाही फ्रेम मिळत नाही. हा आमचा स्वार्थ, तो लपवण्यात अर्थ नाही.

नाव न लिहिल्याने काम संपतं असंही नाही. गूगलचं स्ट्रीट व्ह्यू मुंबईत जुलै २०२२ पासून उपलब्ध आहे. फोटोच्या कोपऱ्यात औषधाच्या दुकानाची पाटी, फाटकाची नक्षी, भिंतीवरचा प्लॉट क्रमांक, विजेच्या खांबावरचे आकडे, शेजारच्या बंगल्याची फरशी यातलं काहीही आलं तर चिवट माणूस गल्ली शोधून काढतो. आम्ही फोटो काढताना पाठीमागे भिंत किंवा झाड येईल असं उभं राहायचा प्रयत्न करतो. तुम्ही क्रॉप करताना तेवढंच लक्ष द्या: माणसाच्या डोक्यावरची जागा कापली की अर्ध्या पाट्या आपोआप जातात.

दुसरी गळती फाइलमधूनच होते. मोबाइलच्या कॅमेऱ्यात लोकेशन चालू असेल तर अक्षांश-रेखांश फोटोच्या आत लिहिले जातात. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर ते गळून जातात. पण तुमचाच निरोप असतो, 'डॉक्युमेंट म्हणून टाक, क्वालिटी राहते', आणि तसं टाकलं की सगळं जसंच्या तसं पोहोचतं. इन्स्टाग्राम ही माहिती लोकांना दिसू देत नाही. तुमचं पोर्टल? एकदा तपासा. स्वतःच्याच साइटवरचा एक फोटो उतरवून घ्या, त्याचे डिटेल्स उघडा, तिथे नकाशा दिसला तर तुमच्या तांत्रिक माणसाला अपलोड करतानाच ही माहिती पुसायची सोय करायला सांगा. नागरिकांनी पाठवलेल्या फोटोंच्या बाबतीत तर हे लगेच करा, कारण त्यांचे फोन बऱ्याचदा लोकेशनवर असतात आणि त्यातून त्यांचं स्वतःचं घरही कळू शकतं.

विमानतळावरच्या फोटोंबद्दल एक गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात आली आहे. आताच्या चांगल्या कॅमेऱ्यातून ४५ मेगापिक्सेलची फाइल निघते. टी-२ च्या डिपार्चरला प्रवेशद्वारी सीआयएसएफच्या जवानाला ओळखपत्र आणि तिकीट दाखवावं लागतं. माणूस तिथेच थांबतो, गॉगल काढतो, चेहरा वर करतो, म्हणून सगळ्यात चांगला फोटो तिथलाच. आणि नेमकं तेव्हाच हातात बोर्डिंग पास किंवा फोनच्या पडद्यावर तिकीट असतं. त्यावरचा बारकोड मोठा करून साध्या ॲपने वाचता येतो. त्यात नाव, पीएनआर, विमानाचा क्रमांक आणि आसन असतं. बऱ्याच विमान कंपन्यांच्या साइटवर पीएनआर आणि आडनाव एवढ्यावर बुकिंग उघडतं, मग परतीची तारीख कळते, सोबतच्या प्रवाशांची नावं कळतात आणि कोणी खोडसाळपणा करायचा ठरवला तर आसनही बदलता येतं. पासपोर्टचं उघडं पान दिसलं तर बोलायलाच नको. हातातला कागद झाकल्याशिवाय हा फोटो मोठ्या आकारात चढवू नका.

आणि झाकायचं तर नीट झाका. गाडीच्या नंबरवर हलका ब्लर मारला की काम झालं असं वाटतं, पण मोठे अक्षरआकडे असलेल्या पाटीवरचा फिकट ब्लर बऱ्याचदा उलगडता येतो. फोनमधल्या मार्कअपच्या हायलायटरने काळं फासणं त्याहून वाईट: तो रंग थोडा पारदर्शक असतो, ब्राइटनेस आणि एक्सपोजर वाढवलं की खालचा मजकूर वर येतो. भरीव काळा किंवा पांढरा चौकोन ठेवा, फोटो नव्या फाइलमध्ये एक्सपोर्ट करा आणि ती नवी फाइलच चढवा. व्हिडिओत चौकोन हलत्या गाडीच्या मागे मागे नेताना मधल्या काही फ्रेम निसटतात. त्यामुळे शेवटी एकदा फ्रेम-फ्रेम पुढे सरकवून बघा, किंवा पाटी दिसते तेवढा तुकडाच कापा. रीलमध्ये अर्ध्या सेकंदाने कोणाचं काही अडत नाही.

आता गर्दीबद्दल. यात दोष कोणाचा हे शिव्या देऊन कळणार नाही, भूमितीने कळेल. आमची रांग पूर्वी सहा-सात मीटर लांब उभी राहायची, हल्ली तारकेच्या नाकाशी पाच फोन असतात. याचं कारण भिंग. मोबाइलचा मुख्य कॅमेरा साधारण २४ ते २६ मिलिमीटरच्या भिंगाइतका रुंद असतो (हा आकडा जितका लहान, तितकं चित्र रुंद). उभ्या चौकटीत डोक्यापासून पायापर्यंत माणूस, थोडी जागा सोडून, भरायचा असेल तर त्या भिंगाने दीड मीटरवर जावं लागतं. हीच चौकट १३५ मिलिमीटरच्या टेली, म्हणजे लांबचं जवळ आणणाऱ्या, भिंगाने साडेसात मीटरवरून मिळते. अर्धं शरीर हवं असेल तर फोनवाल्याला पाऊण मीटरपर्यंत घुसावं लागतं, टेलीवाला पावणेचार मीटरवर निवांत असतो. तुम्ही आम्हाला सांगितलंत की कॅमेरा नको, फोनवर उभा व्हिडिओ हवा, लगेच हवा. तेव्हा अंतर कमी होणारच होतं. उपाय महाग नाही. ज्या फोनला पाचपट टेली भिंग आहे तो सुमारे १२० मिलिमीटरचं काम करतो आणि सहा-सात मीटरवरून पूर्ण माणूस देतो. तीनपटवाला सव्वाचार मीटरवरून. डिजिटल झूमने चित्र फाटतं, म्हणून खरं भिंग असलेला फोनच घ्यायला सांगा. आणि निवडताना जवळून घुसून काढलेल्या, धक्के बसलेल्या, 'सर सर, मॅम मॅम' ओरडण्याने भरलेल्या रीलला पसंती देणं थांबवा. तुम्ही जे लावता तेच उद्या रस्त्यावर घडतं.

जवळ गेल्याने आणखी एक गंमत होते, ती फक्त आम्हालाच ठाऊक. पुढे चालणाऱ्या माणसाचा फोटो काढायला छायाचित्रकार उलट चालतो. मागचं दिसत नसतं. दुभाजक, गटाराचं झाकण, दुचाकीचं स्टँड, कोणाची तरी ट्रॉली बॅग. म्हणून अनुभवी जोडीत एक जण उलट चालणाऱ्याच्या पट्ट्याला मागून धरून ठेवतो आणि वाट सांगतो. नवखा एकटाच फोन धरून उलट पळतो, पडतो, आणि त्याच्यावर मागचे चौघे. अंगरक्षकाने ढकललं असं दिसणाऱ्या कितीतरी व्हिडिओंमध्ये खरं काय घडलं हे सुरुवातीचे दोन सेकंद कापले नसते तर दिसलं असतं. ते कापू नका.

गाडीचा पाठलाग हा वेगळा विषय आहे आणि त्यात आम्हाला तडजोड नको. गाड्यांच्या काचांवर फिल्म चिकटवायला सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये मनाई केली, त्यामुळे आतला माणूस बऱ्यापैकी दिसतो आणि त्याचा फोटो काढायचा मोह सगळ्यांना होतो. रात्री समोरच्या काचेतून मारलेला फ्लॅश मागे बसलेल्या तारकेच्या आधी ड्रायव्हरच्या डोळ्यांत जातो. अंधाराला सरावलेले डोळे क्षणभर काहीच बघू शकत नाहीत, आणि गाडी चालू असते. नियम असा असावा: चाकं थांबलेली असतील तरच फ्लॅश. दुचाकीवर दोघे, मागचा फोन वर धरून, सिग्नल तोडून काढलेला व्हिडिओ कितीही 'एक्सक्लुझिव्ह' असला तरी घेऊ नका. ३१ ऑगस्ट १९९७ ला पॅरिसच्या बोगद्यातल्या अपघातात राजकुमारी डायना गेली. त्या मृत्यूची लंडनमध्ये चौकशी झाली तेव्हा २००८ मध्ये ज्यूरीने गाडीच्या चालकाच्या आणि पाठलाग करणाऱ्या वाहनांच्या, अशा दोन्हींच्या बेदरकारपणावर बोट ठेवलं. आपल्याकडे अजून तेवढं झालेलं नाही, एवढंच.

स्त्रियांच्या फोटोंबद्दल थोडक्यात पण नेमकं. गाडीतून उतरताना पाय बाहेर, कंबर खाली आणि शरीर वळलेलं असतं. त्या वेळी कॅमेरा कमरेच्या उंचीवर असेल तर काय येतं ते तुम्हालाही माहीत आहे आणि आम्हालाही, आणि तेच थंबनेल म्हणून निवडलं जातं. कॅमेरा छातीच्या उंचीवर, दोन्ही पाय जमिनीवर टेकून ती ताठ उभी राहिली की पहिली फ्रेम. पाठमोरं झूम नाही. वाऱ्याने कपडा उडाला तर ती फ्रेम डिलीट, एडिटरकडे पाठवणं नाही. 'ऊप्स' हा शब्द तुमच्या कॅप्शनमधून काढला तर आमच्यातल्या अर्ध्यांचा हा उद्योग महिन्याभरात बंद पडेल, कारण विकत घेणारा नसेल.

लहान मुलांबद्दलचं म्हणणं पालकांनी इतक्यांदा सांगितलं आहे की पुन्हा लिहायला संकोच वाटतो. विराट कोहली आणि अनुष्का शर्मा यांनी जानेवारी २०२१ मध्येच मुलीचे फोटो नकोत अशी लेखी विनंती केली होती. वर्षभराने केपटाऊनच्या सामन्यात प्रक्षेपणाच्या कॅमेऱ्याने तिचा चेहरा दाखवला, आणि मग ज्यांनी वर्षभर विनंती पाळली होती तेही ते चित्र फिरवू लागले. 'आता तर दिसलंच आहे' हे कारण चालणार नाही. एकाने पाळलं नाही म्हणून विनंती संपत नाही. रणबीर कपूर आणि आलिया भट यांनी मार्च २०२५ मध्ये छायाचित्रकारांना बोलावून समोरासमोर हेच सांगितलं. आपल्याकडे यासाठी वेगळा कायदा नाही. कॅलिफोर्नियात आहे: आईवडिलांच्या पेशामुळे मुलांना छळणं, त्यात छळ करून फोटो काढणंही आलं, याची शिक्षा वाढवणारा कायदा तिथे २०१३ मध्ये मंजूर झाला.

विनंती पाळतो असं दाखवताना जे निसटतं ते असं. चेहऱ्यावर हृदयाचा इमोजी चिकटवला जातो, पण मूल मान वळवतं आणि दोन-तीन फ्रेममध्ये इमोजी मागे राहतो. कोणीतरी नेमका तिथेच स्क्रीनशॉट घेतो. रीलचं कव्हर वेगळ्या फ्रेममधून निवडलं जातं, तिथे इमोजी नसतो. कॅरूसलमधल्या पहिल्या फोटोत चेहरा झाकलेला, चौथ्यात लिफ्टच्या स्टीलच्या दारात प्रतिबिंब. आणि चेहरा झाकला तरी शाळेचा गणवेश, गळ्यातलं ओळखपत्र, बसचा क्रमांक, मुलाला सांभाळणाऱ्या आयाबाईचा चेहरा तसाच. मुलाला ओळखायला तेवढं पुरतं. सगळ्यात सोपं म्हणजे मूल फ्रेममध्ये आलं की ती फ्रेम वापरायचीच नाही. या आयाबायांना तर कोणी विचारातच घेत नाही. त्या बाईंनी प्रसिद्धी मागितलेली नाही, त्यांना अंगरक्षक नाही, आणि सुट्टीच्या दिवशी त्या लोकलने घरी जातात.

घराच्या आतलं काहीच नको, हे खरं तर सांगावं लागू नये. फेब्रुवारी २०२३ मध्ये आलिया भट आपल्या बैठकीच्या खोलीत बसलेली असताना समोरच्या इमारतीच्या गच्चीवरून तिचे फोटो काढले गेले आणि एका पोर्टलने ते प्रसिद्धही केले. तिने मुंबई पोलिसांना टॅग करून जाहीर तक्रार मांडली. ऑक्टोबर २०२२ मध्ये पर्थच्या हॉटेलात विराट कोहली यांच्या खोलीत ते नसताना व्हिडिओ काढला गेला होता. गच्चीवर चढू देणारा, खोलीची चावी असणारा, असा आतला माणूस दोन्हीकडे लागतो. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाचा निकाल २४ ऑगस्ट २०१७ चा आहे. भारतीय न्याय संहितेत कलम ७७ चोरून टिपण्याबद्दल आणि ७८ पाठलागाबद्दल आहे. दोन्ही स्त्रियांच्या संरक्षणासाठी. फोटो रस्त्यावर उभं राहून काढला म्हणून सुटका होईल असं समजू नका, भिंग कुठे रोखलं होतं हेही विचारलं जाईल.

ड्रोनचं खूळ नव्याने आलंय म्हणून हेही सांगतो. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे चालू विमानतळाच्या हद्दीपासून आठ किलोमीटरच्या आत परवानगीविना उडवायचा हिरवा विभाग मिळत नाही. सांताक्रूझचा मोठा विमानतळ आणि जुहूचं छोटं धावपट्टीचं मैदान मिळून बांद्रा, खार, जुहू, अंधेरी, वर्सोवा सगळं त्या वर्तुळात येतं. शिवाय मुंबई पोलिसांचे मनाई आदेश वेळोवेळी निघत असतात. बंगल्यातल्या लग्नाचा वरून काढलेला व्हिडिओ कोणी देऊ केला तर परवानगीचा कागद मागा. कागद नसेल तर व्हिडिओ परत.

रुग्णालय आणि स्मशान. नोव्हेंबर २०२५ मध्ये धर्मेंद्र हयात असताना त्यांच्या निधनाची बातमी फिरली. हेमा मालिनी आणि ईशा देओल यांना जाहीर खुलासा करावा लागला. ते घरी परतले आणि २४ नोव्हेंबरला गेले. मधल्या दिवसांत जुहूच्या घराबाहेर आणि ब्रीच कँडीबाहेर कॅमेरे होते, रुग्णालयाच्या आतली चित्रफीतही बाहेर आली, सनी देओल घराबाहेर संतापलेले सगळ्यांनी पाहिले. यातून निघणारं काम अगदी साधं आहे. कुटुंबाचं किंवा रुग्णालयाचं अधिकृत निवेदन आल्याशिवाय 'श्रद्धांजली'चं कार्ड बनवूनही ठेवू नका, कारण बनवलेलं कार्ड चुकून शेड्यूल होतंच. आम्ही फाटकावर उभे असतो तेव्हा कोण आलं, कोण रडत बाहेर पडलं एवढंच दिसतं. त्यावरून आत काय झालं हे ठरवता येत नाही, आणि 'कन्फर्म कर' असे दहा मेसेज पाठवून ते बदलत नाही. रुग्णालयाबाहेर रुग्णवाहिकेची वाट सोडून उभं राहायचं हे आम्ही पाळू. विलेपार्ल्याच्या पवनहंस स्मशानभूमीत फाटकाच्या आत जायचं नाही, हेही. तुम्ही आतला व्हिडिओ मागू नका.

आता जरा तुमच्या कॅप्शनबद्दल, कारण यात वाचकाची फसवणूक आहे. 'अचानक दिसली', 'नकळत टिपली' असं ज्याखाली लिहिता त्यातले कितीतरी फोटो कलाकाराच्या पीआरने, म्हणजे प्रसिद्धीचं काम बघणाऱ्याने, आदल्या रात्री वेळ आणि जागा कळवून काढून घेतलेले असतात. आम्हाला मेसेज येतो, गाडी ठरलेल्या वेळी येते, बॅग कॅमेऱ्याच्या बाजूच्या हातात असते. हे काही वाईट नाही, त्यात दोघांचं भागतं आणि कोणावर पाळत ठेवावी लागत नाही. पण मग तसं लिहा: 'पीआरच्या निमंत्रणावरून'. आणि ती बॅग कंपनीने दिलेली असेल, पोस्टसाठी तुम्हाला काही मिळालेलं असेल, तर ती जाहिरात आहे. एएससीआय या जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन संस्थेची समाजमाध्यमांवरच्या जाहिरातींसाठीची मार्गदर्शक तत्त्वं जून २०२१ पासून आहेत, त्यात असा संबंध उघड करायला सांगितलं आहे. याचा दुसरा फायदा असा की ठरवून झालेलं आणि न ठरवता झालेलं वेगळं दिसू लागलं की दुसऱ्या प्रकाराला किती जपायचं हे तुमच्या नव्या पोरांनाही कळेल.

मराठी कलाकारांचा विषय तुमच्या डोक्यात बहुधा नसतो, म्हणून मुद्दाम. ठाण्यात, घोडबंदर रोडच्या सेटवर काम करणारी मालिकेतली मुलगी सकाळी स्वतः भाजी घेते, रिक्षाने जाते, कधी लोकल पकडते. तिला अंगरक्षक नाही, फाटकावर चौकीदार असलाच तर एक. हिंदीतल्या तारकेला लागू पडणारी 'स्पॉटेड' रील तिला लावली की तिची सोसायटी उघडी पडते आणि तिच्याकडे बचावाला काहीच नसतं. तिच्याबाबतीत रोजच्या जागेचा नियम दुप्पट कडक हवा. भेटायचं असेल तर आपल्याकडे त्याची रीत पूर्वीपासून आहे: प्रयोग संपल्यावर रंगमंचामागे जाऊन भेटणं. शिवाजी मंदिर असो, गडकरी रंगायतन असो की पुण्याचं बालगंधर्व, पडदा पडल्यावर मेकअप उतरवायला थोडा वेळ द्यावा, मग दाराशी थांबावं. बहुतेक जण हसून भेटतात, फोटोही देतात. दोन प्रयोगांच्या मधल्या वेळात मात्र जाऊ नये, तो जेवणाचा आणि पाठ टेकायचा वेळ असतो. दौऱ्याची बस सुटायची असेल तर तिच्या दारात उभं राहू नये. हे तुमच्या वाचकांना सांगणारी एखादी पोस्ट टाकलीत तर 'स्पॉटेड'पेक्षा उपयोगी पडेल.

शेवटी पैशाचं आणि हक्काचं, कारण वरचं बरंच त्यावर अडलेलं आहे. टिप देणाऱ्याला पैसे देताना तो कोण आहे हे विचारा. पीआर, आयोजक, रेस्टॉरंटचा मालक यांनी कळवलं तर ठीक. सोसायटीचा वॉचमन, रुग्णालयाचा कर्मचारी, शाळेच्या बसचा मदतनीस यांच्याकडून विकत घेतलेली टिप म्हणजे त्यांना त्यांच्या कामाशी बेइमान करायला लावणं आहे. पकडले गेले तर नोकरी त्यांची जाते, पेज तुमचं चालूच राहतं. आणि आमचे फोटो 'सौजन्य: सोशल मीडिया' लिहून उचलणं थांबवा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटोचा कर्ता तो काढणारा, आणि तो नोकरीत किंवा मोबदला घेऊन तुमच्या सांगण्यावरून काढलेला नसेल तर पहिला मालकही तोच. कर्त्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हा हक्क राहतो. सौजन्य लिहिल्याने परवानगी मिळत नाही. दर कमी आणि घाई जास्त असली की माणूस जवळ घुसतो, पाठलाग करतो, गच्चीवर चढतो. नीट काढलेल्या फोटोला नीट दर द्या, मग उशिराने पाठवायला आमची हरकत नाही.

आमच्या बाजूने आम्ही काय करणार तेही लिहून ठेवतो. रोजच्या जागांचे फोटो यापुढे आम्ही त्याच दिवशी पाठवणार नाही. मुलं असलेल्या फ्रेम कार्डवरूनच पुसू. विमानतळाच्या फोटोत हातातला कागद झाकूनच फाइल देऊ, मूळ फाइल मागितली तरी देणार नाही. तुमच्या पेजने यातलं काय मान्य केलं ते एका पोस्टमध्ये लिहून वर पिन करा, म्हणजे गेटवर नव्याने उभ्या राहणाऱ्या मुलाला तुमच्याकडे फोटो पाठवण्याआधी नियम वाचता येतील. ज्या पेजवर ती पोस्ट दिसणार नाही, त्यांच्या ग्रुपमधून आम्ही बाहेर पडू.

कळावे,
बांद्रा ते वर्सोवा पट्ट्यात काम करणारे काही छायाचित्रकार